तिसऱ्या पंगतीची डाळ

कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून बसलं की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. माणूस पोट दुखतंय म्हणून खिडकीशी येतो आणि औषधाची बाटली हातात पडेपर्यंत घर, शेत, सुपरवायझर, सासू असं सगळं सांगून मोकळा होतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्याकडं एवढं साठलंय की मित्रमंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "काढा कंपाउंडर, एखादा!" मी काढतो. मंडळी हसतात, चहाचा दुसरा राउंड मागवतात.

आज जे सांगणार आहे त्यालाही मंडळी हसतात. मला मात्र सांगताना दर वेळी राग येतो. वाटलं होतं, वय झालं की तो निवेल. तसं काही झालेलं नाही. तेव्हा ज्यांना हसायचं त्यांनी हसावं, माझा आवाज चढला तर तेवढा समजून घ्यावा.

पंचावन्न-छप्पन सालची पिंपरी. कारखाने नुकते यायला लागले होते, आणि दोन कारखान्यांच्या मधे अजून बाजरी उभी असायची. आमचा कारखाना लहानसाच, टॉनिकचा. बाटलीवर दंड फुगवलेल्या पैलवानाचं चित्र, खाली 'रोज दोन चमचे'. या पैलवानाच्या बाटल्या धुवायला पंचवीसेक बायका होत्या. आसपासच्या खेड्यांतून चालत यायच्या. त्यांच्यातल्या एकीचाही दंड माझ्या मनगटाहून जाड नव्हता. आठ-आठ तास पाण्यात उभं राहून या बायका पैलवानाला अंघोळ घालायच्या, आणि यात काही विचित्र आहे असं आख्ख्या कारखान्यात कुणाला वाटत नव्हतं.

*

त्यांच्यातली एक हौसाबाई. तळवड्याची. नवऱ्याचा पाय विहिरीच्या कामावर मोडला होता, तो खाटेवर. घरात कमावणारी ती एकटीच. आमच्याकडं टेम्पररी म्हणून लागली होती. परमनंट झाली तर घर तरणार होतं, नाही झाली तर पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर खुरपायला जायचं, तेही कुणी बोलावलं तर.

परमनंट होण्याआधी कंपनीचे डॉक्टर प्रधान तपासायचे. बाईचं वजन कमीत कमी नव्वद पौंड पाहिजे, असा नियम होता. नव्वदच का, हे मी डॉक्टरांना एकदा विचारलं होतं. म्हणाले, "अहो, काहीतरी आकडा पाहिजेच ना!"

हौसाबाई भरली ब्याऐंशी. डॉक्टरांनी काय खातेस म्हणून विचारलं. ती म्हणाली, भाकरी. आणखी? चटणी. आणखी? तिनं जरा आठवून पाहिलं आणि म्हणाली, कधी कांदा. डॉक्टरांनी मान हलवली आणि तिला समजावून सांगितलं की रोज दोन अंडी खायची, आठवड्यातून दोनदा मटण, सकाळ-संध्याकाळ दूध, आणि जेवणानंतर एखादं फळ. तीन महिन्यांची मुदत दिली. तीन महिन्यांत नव्वद, नाहीतर घरी.

ती सगळं नीट ऐकत होती. मानही डोलवत होती. बाहेर आल्यावर माझ्या खिडकीशी थांबली आणि हळूच विचारलं, "भाऊ, डाक्टर कुनाच्या घरचं सांगत हुतं?"

*

आमचे केमिस्ट राजे साहेब विलायतेत शिकून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. त्यांना एका गोष्टीचं वेड होतं, ती म्हणजे लायसिन. हे लायसिन आपल्या टॉनिकात घालायचं त्यांच्या मनात होतं, आणि जो भेटेल त्याला ते लायसिन समजावून सांगायचे. डोकेदुखीची गोळी मागायला आले तरी अर्धा तास.

त्यांच्याकडून मी जे शिकलो ते असं. अंगात मांस धरायला प्रथिनं लागतात, आणि प्रथिनं वीसेक वेगवेगळ्या तुकड्यांची बनलेली असतात. त्यातले बरेच तुकडे शरीर स्वतः बनवतं. काही मात्र बनवता येत नाहीत, ते अन्नातूनच यावे लागतात. लायसिन त्यातलं एक. घर बांधायला विटा ढीगभर आहेत, पण चौकट एकच आहे, तर खोली एकच होणार, उरलेल्या विटा वाया. भाकरीत विटा भरपूर, लायसिनची चौकट मात्र तोकडी. ती चौकट डाळीत असते. म्हणून भाकरीबरोबर डाळ पोटात गेली, तर भाकरीचंही चीज होतं. नुसती भाकरी कितीही खा, अंगाला लागत नाही.

"मटण-अंडी सोडा हो," राजे म्हणाले, "या देशाला वाटीभर घट्ट डाळ पुरे आहे!"

मला इतकं पटलं की त्याच दुपारी मी मुद्दाम साहेब लोकांच्या जेवणाच्या खोलीत डोकावलो. राजे जेवून उठत होते. समोर वाटीभर घट्ट डाळ तशीच. मी विचारलं तर म्हणाले, डाळीनं त्यांना गॅस होतो.

*

पुढं राजे साहेबांकडं परदेशातून एक डबा आला. दुधाची पावडर, त्यात लायसिन घातलेलं. सॅम्पल होतं. कुणावर तरी प्रयोग करून पाहावा असं त्यांना वाटत होतं. मी हौसाबाईचं नाव सुचवलं. पंधरा दिवस, रोज दोन मोठे चमचे पाण्यातून. तिनं डबा पदराखाली घेतला, दोनदा विचारून घेतलं, आणि गेली.

पंधरा दिवसांनी रिकामा डबा घासूनपुसून परत आला. मी तिला काट्यावर उभं केलं. ब्याऐंशी. एका औंसाचा फरक नाही. राजे साहेबांचा चेहरा उतरला. मी विचारलं, रोज घेतलं ना?

"घातलं की," ती म्हणाली.

घातलं म्हणजे? मग उलगडा झाला. घरी एक म्हैस होती. तिचं दूध चहाच्या हॉटेलात जायचं, घरात थेंब राहायचा नाही. डबा सगळा म्हशीच्या आंबोणात गेला होता, पेंड आणि भुश्यात कालवून.

"मी प्याले तर माजं एकलीचं वजन वाढंल, भाऊ. म्हशीनं खाल्लं तर घराचं वाढतंय."

"आणि वाढलं का?"

"व्हय. पावशेर दूध ज्यादा देती."

मी तिच्यावर खेकसलो. कसली अक्कल तुमची, वगैरे जे तोंडाला आलं ते बोललो. ती खाली बघत उभी राहिली. संध्याकाळी घरी चालत जाताना कळलं की मी तिच्यावर ओरडलो, कारण ती समोर होती आणि मला उलट बोलणार नव्हती. ज्या हिशोबानं ती जगत होती तो चुकीचा नव्हता. तिच्या घरात जी कामाची तिला खायला मिळायचं, आणि ती स्वतःला कामाची धरत नव्हती.

*

मग म्हटलं, डबेबिबे जाऊ द्या. कॅन्टीनमध्ये तर रोज डाळ असते. दुपारचं जेवण कारखान्याकडून. रोज वाटीभर डाळ पोटात जात असताना ही बाई अशी वाळलेली कशी? म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो.

आमचे आचारी अण्णा, साताऱ्याकडचे. आयुष्यभर लग्नाच्या पंगती रांधलेले, हाताला चव अशी की विचारू नका. कॅन्टीनमध्येही तीन पंगती बसायच्या. पहिली साहेबांची, दुसरी पुरुष कामगारांची. बाटल्या भरायचं मशीन थांबता कामा नये, म्हणून बाटल्या धुणाऱ्या बायका सगळ्यांत शेवटी सुटायच्या. त्यांची तिसरी.

अण्णांची पद्धत मी डोळ्यांनी पाहिली. सकाळी मोठ्या पातेल्यात फर्मास डाळ शिजायची. शिजली की लांब दांड्याचा डाव तळापर्यंत घालून घट्ट डाळ वेगळ्या झाकणाच्या पातेल्यात काढायची. ती साहेबांची. उरलेल्यात एक घागर कढत पाणी, वर हळद आणि तिखट. ती पुरुषांची. ते उठले की आणखी एक घागर, पुन्हा हळद, पुन्हा तिखट, वर फोडणी. ती बायकांची. रंगात काडीचा फरक पडायचा नाही!

मी विचारलं, साहेबांना तळातली द्या असं कुणी सांगितलं?

"सांगावं लागतंय व्हय?" अण्णा म्हणाले.

त्यांनी मला तिसऱ्या पंगतीची डाळ वाटीत दिली. चाखून बघा म्हणाले. चव झकास होती, आणि माझी तळपायाची आग मस्तकाला गेली ती त्या चवीनंच. दोन रुपयांची चोरी असती तर पकडता आली असती. इथं तर माणूस इमानानं राबत होता. तीन पंगती उठल्या तरी डाळ कमी पडू द्यायची नाही, हे तो बापाकडून शिकला होता, आणि त्याच्या हातची पंगत कधी अर्धपोटी उठली नव्हती, याचा त्याला अभिमान होता.

मी म्हटलं, "अण्णा, लग्नात माणूस एक दिवस जेवतं. या बायका रोज जेवतात."

अण्णांनी विचार केला. "मग नशीबवान म्हनायच्या," ते म्हणाले, "रोज लग्नाचं जेवान."

*

दुसऱ्या दिवशी मी राजे साहेबांच्या लॅबमधून काचेची तीन उंच नळकांडी मागून आणली. एकात साहेबांची डाळ, दुसऱ्यात पुरुषांची, तिसऱ्यात बायकांची. एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या चिकटवून दवाखान्याच्या खिडकीत ठेवून दिली. म्हटलं, गाळ खाली बसू दे, मग मॅनेजर साहेबांना बोलावून दाखवू. पहिल्यात डाळ निम्म्याहून वर. दुसऱ्यात चार बोटं. तिसऱ्यात बोटभर सुद्धा नाही, वर सगळं पिवळं पाणी.

मी आत ड्रेसिंग करत होतो, तेवढ्यात डॉक्टर प्रधान आले. डॉक्टरांना तपकिरीची सवय. नाक कायमचं बंद, वास म्हणून कशाचा यायचा नाही. दवाखान्याच्या खिडकीत पिवळी नळकांडी दिसली की डॉक्टर माणूस दुसरं काय समजणार! त्यांनी पहिलं उचललं, उजेडात धरलं, आणि मला हाका मारायला लागले.

"हा पेशंट कोण आहे? ताबडतोब पुण्याला हलवा! एवढा साका मी जन्मात पाहिला नाही!"

मी दारात उभा. त्यांनी दुसरं उचललं. म्हणाले, हाही काही बरा नाही, याच्यावर लक्ष ठेवा. मग तिसरं. तिसरं त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिलं आणि समाधानानं खाली ठेवलं.

"हा मात्र उत्तम. एकदम नॉर्मल!"

मी म्हटलं, "डॉक्टर, पहिला नमुना तुमचा आहे."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. त्यांना पाणी दिलं, खरा प्रकार सांगितला. त्यानंतर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डाळ होती तशीच राहिली.

*

इथं माझ्या घरचंही सांगायला हवं. लपवलं तर खोटं ठरेल.

चिंचवडला आमची एक खोली होती. मी आणि सुमन. नळकांड्यांच्या दिवशी संध्याकाळी मी जेवता जेवता तिला सगळं सांगत होतो. विटा, चौकट, लायसिन, अण्णांच्या दोन घागरी. रागानं बोलत होतो, आणि बोलता बोलता तिनं वाढलेली डाळ ओरपत होतो. तिनं ऐकून घेतलं. मग पातेलं तिरपं करून मला तळ दाखवला. तळाला काही नव्हतं.

"अहो, मग उद्यापासून मी तुमच्या आधी जेवू की बरोबर?" तिनं विचारलं.

बरोबर, म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून बरोबर जेवायला बसलो. शेजारच्यांनी महिनाभर नावं ठेवली.

*

हौसाबाईचे दोन महिने उलटून गेले होते. मी तिला म्हटलं, डाळ नाही तर नाही, हुलगे खा. भिजवा, शिजवा, मूठभर रोज. हुलग्यात डाळीइतकंच सत्त्व आहे. ती पदर तोंडाला लावून हसली. हुलगं म्हणजे बैलाचं खाणं, बाईमाणसानं खायचं का ते? मी म्हटलं, बैल नांगर ओढतो म्हणून त्याला घालता ना? तुम्ही दिवसाला किती क्रेट उचलता ते मोजलंय का कधी? तिनं मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोजून आली, आणि हसायची बंद झाली.

मग ती फडक्यात भिजवलेले हुलगे बांधून आणायला लागली. मला बरं वाटलं. चार दिवसांनी सहज बाटल्यांच्या शेडकडं गेलो, तर सुट्टीत बाकावर आठ बायका ओळीनं बसून काहीतरी चावत होत्या. प्रत्येकीच्या तळहातावर दहा-बारा हुलगे.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, हौसाबाई, हे तुमच्या वजनासाठी होते!

"आमी एका बाकावर बसतो," ती म्हणाली. "एकलीनं कसं चावायचं?"

एवढं करून तिसऱ्या महिन्याच्या शेवटी काटा चौऱ्याऐंशीवर आला. अजून सहा पौंड बाकी होते, आणि दिवस संपत आले होते.

*

नळकांड्यांची गोष्ट फिरत फिरत मॅनेजर साहेबांच्या कानावर गेली होतीच. त्यांनी मला आणि राजे साहेबांना बोलावलं. मी सगळं मांडलं. तिसऱ्या पंगतीला पाणी मिळतं, आणि नव्वद पौंडांची अट मात्र त्याच बायकांना, हे काय आहे? साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाटल्या धुवायला ताकद कशाला लागते?"

आज ते समोर असते तर सांगितलं असतं. थंडीत पहाटे निघून चालत यायचं. आल्याबरोबर सोड्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालायचे. ओल्या बाटल्यांचा क्रेट कमरेवर घ्यायचा, फरशी निसरडी, पाय घसरून एक बाटली फुटली तर सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलणार. आणि सगळं झाल्यावर चालत परत. साहेबांनी एक दिवस करून दाखवायचं होतं, एकच! पण तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो, खोलीचं भाडं द्यायचं होतं, आणि मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचाही राग आहेच.

साहेबांनी निर्णय दिला. कामगारांमध्ये जागृती करायची. पेंटर बोलावला, कॅन्टीनच्या भिंतीवर आमचा तोच पैलवान काढून घेतला. या खेपेला त्याच्या हातात डाळीची वाटी. खाली मोठ्या अक्षरांत: 'डाळ खा, बलवान व्हा.' बायका जिथं बसायच्या तिथंच, बरोबर त्यांच्या डोक्यावर.

बायकांना वाचता येत नव्हतं. हौसाबाईनं मला विचारलं, काय लिहिलंय. मी वाचून दाखवलं. तिनं एकदा भिंतीकडं पाहिलं, एकदा आपल्या थाळीकडं.

"चितरातली दाट हाय," ती म्हणाली, आणि जेवायला लागली.

*

जागृतीचा दुसरा भाग म्हणजे व्याख्यान. राजे साहेबांच्या ओळखीनं पुण्याहून एक पाहुणे आले. आहारशास्त्रातले मोठे तज्ज्ञ, पांढऱ्या केसांचे, बोलणं अगदी साधं. व्याख्यान कॅन्टीनमध्ये ठेवलं. पुढं खुर्च्यांवर साहेब लोक, मागं सतरंजीवर पुरुष, त्यांच्या मागं दाराशी बायका.

योगायोग म्हणा किंवा मॅनेजर साहेबांची हौस म्हणा, टेम्पररी बायकांची तपासणीही त्याच दिवशी होती. कामगारांच्या तब्येतीची आपण किती काळजी घेतो हे पाहुण्यांना दिसावं, म्हणून साहेबांनी वजनाचा काटा दवाखान्यातून उचलून कॅन्टीनमध्ये आणायला लावला. आधी व्याख्यान, मग सगळ्यांदेखत वजनं, मग पाहुण्यांबरोबर जेवण. अण्णांनी साहेबांच्या पंगतीची डाळ झाकणाच्या पातेल्यात काढून बाजूच्या टेबलावर तयार ठेवली होती.

पाहुणे छान बोलले. भाकरीत काय कमी, डाळीत काय जास्त, दोन्ही एकत्र खाल्लं की अंग कसं धरतं, मुलांची वाढ, बाळंतिणीचं दूध, जखम भरणं, सगळं समजावून सांगितलं. लायसिन शरीराला बनवता येत नाही, ते ताटातूनच यावं लागतं, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका?

राजे साहेब आभार मानायला उठले, तोच मागं दाराशी हौसाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं विचारलं,

"साहेब, त्ये लायसिन का काय, त्ये डाळीत वर आस्तंय का तळाला?"

पुढच्या खुर्च्या हसल्या. मॅनेजर साहेब तर रुमालात तोंड घालून हसले. पाहुणे मात्र हसले नाहीत.

"चांगलं विचारलंत, बाई. ते डाळीच्या दाण्यात असतं आणि दाणा तळाला बसतो. म्हणजे तळालाच म्हणायचं. वरचं नुसतं पाणी प्यालात तर फारसं काही मिळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग वजनं सुरू झाली. डॉक्टर प्रधान टेबलाशी कागद घेऊन, मी काट्याशी. आधीच्या दोघी कशाबशा नव्वदला टेकल्या. मग हौसाबाईचं नाव पुकारलं. ती काट्यावर चढली. मी वजन सरकवून पाहिलं, पुन्हा सरकवलं, जितकं वर नेता येईल तितकं नेऊन पाहिलं. चौऱ्याऐंशी. आकडा वाचताना माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डॉक्टरांनी टाक दौतीत बुडवला आणि तिला उतरायला सांगितलं.

ती उतरली. पण दाराकडं गेली नाही. सरळ बाजूच्या टेबलाशी गेली, साहेबांच्या पंगतीचं ते झाकणाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, पाण्याची घागर घ्यावी तसं कमरेवर घेतलं, आणि पुन्हा काट्यावर येऊन उभी राहिली. अण्णा "अगं, अगं" म्हणत दोन पावलं आले आणि तिथंच थांबले.

"आता करा वजन, डाक्टर," ती म्हणाली. "ह्यात माज्या वाटनीचं हाय, त्ये धरून करा."

मी वजन सरकवत गेलो. नव्वद ओलांडलं, पंचाण्णव ओलांडलं. काटा थांबला तसा मी आकडा मोठ्यानं वाचला, दाराशी बसलेल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल असा.

"एकशे तीन!"

डॉक्टरांनी मॅनेजर साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी पाहुण्यांकडं. पाहुण्यांनी अण्णांना हळू आवाजात विचारलं, ही डाळ कुणाची? अण्णा हात जोडून म्हणाले, साहेबांची. पाहुणे उठले, काट्यापाशी आले, पातेल्याचं झाकण उचलून आत पाहिलं आणि झाकण परत ठेवलं. मग डॉक्टरांकडं वळले.

"आकडा ऐकू आला ना? मग लिहा."

डॉक्टरांनी लिहिलं. कागद उलटा धरला असता तरी मला वाचता आलं असतं. फिट. खाली सही. सही कोरडी व्हायची वाट न बघता त्यांनी कागद माझ्या हातात कोंबला आणि हौसाबाईवर डाफरले, "झालं ना मनासारखं? उतर आता. आणि ते पातेलं खाली ठेव."

हौसाबाई उतरली नाही. तिनं कमरेवरचं पातेलं जरा वर सरकवलं. समोरच्या खुर्च्यांकडं पाहिलं, मग मागं दाराशी बसलेल्या बायकांकडं.

"ठिवते की," ती म्हणाली. "पर कंच्या पंगतीत ठिवू?"